विहीर गोडी राहावी म्हणून : प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून वही सुरू. तेहतीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान-गणित शिकवलं, पोरांना प्रयोगवही नीट लिहा म्हणून सांगून सांगून घसा बसला, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि स्वतःचाच प्रयोग हातात घेतलाय तर व्यवस्थित लिहायलाच पाहिजे. साहित्य, कृती, निरीक्षण सगळं येईल, पण चौकटीत नाही, जसं होईल तसं.

विषय आमची विहीर. बेळगावचं वडगावातलं घर भाड्यानं दिलंय आणि आम्ही दोघं हिच्या माहेरच्या घरात येऊन राहिलोय. कारवारहून काळी नदीचा पूल ओलांडला की सदाशिवगड, तिथनं थोडं आत, खाडीच्या काठाला. हिच्या आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, वर मंगळुरी कौलं, मागच्या दारी विहीर, तीही त्यांनीच खणलेली. कठड्यापासून मोजलं तर भरतीचं पाणी सत्तर पावलांवर येतं. एवढ्या जवळ खारं पाणी आणि विहीर गोडी, याचं मला लग्न झाल्यापासून नवल वाटत आलंय.

यंदाच्या मेमध्ये ती खारट झाली. चहाची चव बिघडली, तूरडाळ चार शिट्ट्यांत व्हायची ती आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच. ही दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी विहिरीजवळ उभी राहून म्हणाली, "आईच्या वेळेला असं कधी झालं नव्हतं हो." मी टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, त्यानं लिटरला १४८० मिलिग्रॅम दाखवले. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं म्हणतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे कागदावर पास, पण जिभेवर नापास. जूनचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसात पाणी परत गोडं झालं, सगळे विसरूनही गेले. माझ्या डोक्यातनं मात्र जाईना. पुढच्या मेमध्ये हे परत होऊ द्यायचं नाही, एवढाच प्रकल्प.

आजचं माप : कठड्यापासून पाणी १ मीटर ६२ सेंटिमीटरवर. टीडीएस २०५.

नारळी पौर्णिमा झाली. बंदीचे दोन महिने संपून ट्रॉलर एक तारखेलाच बाहेर पडलेत, पण समुद्र अजून तापलेलाच आहे, रात्री गाज घरापर्यंत येते. काळीवरचा जुना पूल पडला त्याला परवाच्या गुरुवारी वर्ष झालं. त्या रात्री ट्रक नदीत गेला होता, ड्रायव्हरला वाचवायला इथले मच्छीमार होडी घेऊन धावले. अजून त्या बाजूनं गेलं की नजर खाली जातेच.

१६ ऑगस्ट, शनिवार

मोजायची पद्धत पक्की केली. शिलाईची टेप नको, ती ओली झाली की ताणते. गवंड्याची स्टीलची टेप घेतली, टोकाला मोठा नट बांधला, नट पाण्याला टेकला की 'टप्प' असा आवाज येतो तेव्हा कठड्यावर मारलेल्या लाल खुणेशी आकडा वाचायचा. तीन वेळा मोजून मधला आकडा धरायचा. साधी गोष्ट आहे पण पहिल्या चार दिवसात माझेच आकडे दोन-दोन सेंटिमीटर इकडं तिकडं होत होते, खूण नव्हती म्हणून.

शेजारचे तांडेल मामा रोज संध्याकाळी येऊन कठड्यावर हात टेकतात आणि विचारतात, "मास्तर, उदक कशें आसा?" पन्नास वर्षं रापणीवर गेलेला माणूस, वय ऐंशीच्या पुढं, डोळे अजून लख्ख. मी मोबाईलवर भरतीची वेळ शोधत होतो तर म्हणाले तिथी सांगा. अष्टमी. म्हणाले आठाची पाऊणपट करा. सहा. भरती सहाला. आणि खरंच, सहाच्या सुमारास खाडी तुडुंब!

मी लहानपणी छडी खाऊन पाऊणकी पाठ केलेली, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी, आणि आयुष्यात कधी कुठं लागली नव्हती ती इथं लागली. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून भरती तीनला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. चंद्रामुळं भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, पाऊणकीत ती पंचेचाळीस मिनिटं धरली जाते, तेवढा फरक पक्षभरात इकडं तिकडं होतो. पण हिशेब हातावर बसतो आणि त्याला रेंज लागत नाही. वर्गात हे शिकवायला पाहिजे होतं असं आज फार वाटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चतुर्थी तीन दिवसांवर, म्हणून विहिरीची साफसफाई. पावसाळ्यात उपसून काढणं शक्य नाही, वरवरच केली. चिऱ्यांच्या सांध्यात उगवलेला पिंपळ काढला, तो हातभर असतानाच काढावा लागतो, नंतर भिंत फोडतो. नेचे मात्र हिनं काढू दिले नाहीत, म्हणाली तेवढा हिरवेपणा राहू दे, आजोबांपासून आहेत.

मग ब्लीचिंग पावडर. दर वेळी लोक अंदाजानं मूठभर टाकतात आणि आठ दिवस वासानं पाणी पिववत नाही. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास २.४ मीटर, पाण्याची खोली आज ३.५ मीटर. व्यासाचा वर्ग ५.७६, गुणिले ३.५, गुणिले ३.१४, भागिले ४, आलं १५.८ घनमीटर, म्हणजे १५,८०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे चाळीस ग्रॅम. ती आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत बुडवून खालीवर हलवायची, खालचा साका विहिरीत टाकायचा नाही. तासभर पाणी काढायचं नाही. एवढं केलं की वास येत नाही आणि काम होतं. रात्री केलं, सकाळी पाणी नेहमीसारखं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. आज नोंद एकच, १ मीटर ७० आणि टीडीएस २१२. बाकी दिवस गणपतीचा. हिनं गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधली, तवशी, कातरलेली सुपारी, नीरफणस, रानातली कांगलां, तेरडा. पोरगा पुण्याहून आलाय, नातू पहिल्यांदा रहाट ओढतोय, अर्धी बादली येते पण सोडत नाही. दुपारी सारखा विहिरीकडं पळायला लागला तेव्हा ही म्हणाली दुपारी नाही ओढायचं, विहिरीला निजू दे. सासूबाई असंच म्हणायच्या. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मधल्या वेळेत कळशी लावायची नाही, तेव्हा मला वाटायचं पोरं पडू नयेत म्हणून सांगत असतील.

७ सप्टेंबर, रविवार (आणि ८ ची पहाट)

आज पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण, आणि उधाणाची भरती. मला कधीपासून बघायचं होतं की खाडीबरोबर विहीर हलते का. कारण सत्तर पावलांवर भरती-ओहोटी होतेय आणि मध्ये नुसती वाळू आहे म्हटल्यावर हलायला पाहिजे, पण पावसात कळत नाही, पाऊस पाणी चढवतो त्यात ते बुडून जातं. गेले चार दिवस कोरडे गेले. म्हटलं आजच.

अडचण अशी की दुपारी पाऊणनंतर वेध लागले, हिनं सगळ्या भांड्यांत तुळशीपत्र टाकलं आणि रात्री विहिरीला हात लावायचा नाही म्हणाली. मी सांगितलं पाणी काढत नाही, टेप सोडतो फक्त. थोडा वेळ विचार केला तिनं, मग टेपच्या नटालाच दोऱ्यानं तुळशीचं पान बांधून दिलं. ते पान रात्रभर टेपबरोबर खाली-वर झालं.

खुर्ची विहिरीजवळ टाकून बसलो. नऊला १८४ सेंटिमीटर. दहाला १८५, ग्रहण तेव्हा नुकतंच लागलेलं. अकराला १८५. अकरा वाजता चंद्र पूर्ण झाकला, ढग होते पण मधनं मधनं फट पडायची आणि तांब्याच्या जुन्या पैशासारखा लालसर गोळा दिसायचा, कोपऱ्यात नाही की कडेला नाही, सगळाच तसा. तिकडं खाडी भरत होती, अंधारात नुसता आवाज, चुबुक चुबुक, काठाच्या दगडांना लागणारा. विहीर मात्र ढिम्म. बाराला १८४. माझी थोडी निराशा झाली, म्हटलं काही नाही बहुतेक.

एकला १८२. दोनला १७९. तीनला १७७. चारला १७६. पाचला १७७.

म्हणजे विहीर हलते! फक्त उशिरा. खाडी सव्वाअकरा-साडेअकराला भरली, विहीर जवळजवळ चारला. वाळूतनं तो दाब सरकत यायला चार-साडेचार तास घेतोय आणि येईपर्यंत दमतोय, तिकडं दीड मीटर चढलं असेल तर इथं नऊ सेंटिमीटर. आणि टीडीएस रात्रभर तोच, २२० च्या आसपास (वेध म्हणून नमुना नातवाच्या प्लास्टिकच्या मगमधनं, दोऱ्यानं, हिला नंतर सांगितलं). म्हणजे खाडीचं पाणी आत येत नाहीये, खाडी आपल्या गोड्या पाण्याला खालनं उचलतेय आणि खाली ठेवतेय.

पहाटे साडेचारला हिला उठवून सांगितलं. ती उठून आलीच, कठड्याशी उभी राहिली, टेप स्वतः सोडून 'टप्प' ऐकलं. ग्रहण सुटून गेलं होतं, चंद्र धुतल्यासारखा. अंघोळी केल्या आणि चहा केला.

१४ सप्टेंबर, रविवार

आता कृती. कौलांवरचं पाणी विहिरीला द्यायचं. मागच्या बाजूला पन्हळ लावली, तिथनं पाईप, दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये गाळणी. तळाला नदीचे गोटे, त्यावर खडी, त्यावर जाळी, मग कोळसा, मग जाडी वाळू धुऊन धुऊन. वाळू धुवायला दोन दिवस गेले, सात पाणी बदलली तेव्हा निवळ. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला खालती एक टोपण ठेवलंय. घराचा पाया ९० चौरस मीटर. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बेळगावच्या दुपटीहून जास्त, कौलावरनं त्यातला ऐंशी टक्के धरला तरी दोन लाख लिटरच्या वर. आकडा बघून फार आनंद झाला. तांडेल मामांनी सगळं फिरून बघितलं आणि एवढंच म्हणाले की छपराचं पाणी तोंडात घालू नका विहिरीच्या, जमिनीला द्या, जमीन देईल विहिरीला. मी ऐकलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल रात्री गडगडाट करून मोठी सर आली. पाईपचा एक सांधा मी सोल्युशन न लावता नुसताच बसवला होता, नंतर लावू म्हणून, तो निसटला आणि गाळणीला वळसा घालून कौलांवरचं शेवाळ, पानं, कावळ्यांची घाण सगळं पन्हळीतनं थेट विहिरीत. सकाळी पाणी चहासारखं. चूक माझीच. हिनं काही म्हटलं नाही, शेजारनं दोन कळश्या आणल्या. ते जास्त लागलं मनाला. तिच्या आजोबांच्या विहिरीत मी घाण घातली.

दिवसभर वरचं तरंगतं काढलं, संध्याकाळी परत मापून ब्लीचिंग. तीन दिवस पिण्याला शेजारचं पाणी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. मामांचं ऐकलं. विहिरीपासून तीन मीटरवर, खाडीच्या विरुद्ध बाजूला, डोंगराकडनं पाणी येतं त्या अंगाला खड्डा घेतला, दीड मीटर लांब-रुंद, सव्वा मीटर खोल, चिऱ्याचे तुकडे भरले, वर जाळी आणि वाळू. गाळणीचं पाणी आता तिथं जाणार. खणताना वरची हातभर माती गेली की खाली अशी स्वच्छ वाळू लागली की नातू असता तर किल्ला केला असता. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा. कधीतरी इथं समुद्रच होता.

विहीर निवळली. १ मीटर ९१, टीडीएस २३६.

आज दिवस-रात्र सारखी. मुद्दाम किनाऱ्यावर गेलो, सूर्य बरोब्बर पश्चिमेला बुडाला. वारा पडलाय. जून-जुलैत छत्री उलटी करणारा वारा आता पायाशी येऊन बसल्यासारखा. वाळूवर तुतवार आलेत, लाटेच्या पुढं पळतात आणि मागं पळतात. जुन्या ओळखीचे चार रिटायर लोक रोज तिथं बाकावर असतात, कुणी बंदरात होते, कुणी पोस्टात, एक जण नौदलाच्या प्रकल्पात गाव गेलेले, ते अजूनही बोलताना 'आमच्या गावात' म्हणतात आणि मग थांबतात. गप्पा आता बीपी आणि बांगड्याचा भाव.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून वहीच घेऊन बसलोय आणि एक गोष्ट लक्षात आलीय जी आधीच यायला पाहिजे होती. दोन लाख लिटरचा आनंद खोटा आहे. जुलैत जमीन तशीही भरलेली असते, त्यात अजून पाणी घातलं तर ते वाळूतनं खाडीला निघून जाणार, मेपर्यंत माझ्यासाठी थांबून राहणार नाही. खड्डा वाया नाही, परतीच्या पावसाला आणि अवकाळीला उपयोगी पडेल, पण मेमधलं पाणी खारट होणं न होणं पावसाळ्यात ठरत नाही. ते ठरतं आपण पाणी ओढतो कसं यावर.

हे कसं ते लिहून ठेवतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. म्हणून वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, तेलासारखं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर त्याच्या वजनानं खाली सुमारे चाळीस फूट खारं दाबून धरलेलं असतं. गीबन आणि हर्झबर्ग या दोघांनी वेगवेगळं हे मांडलं, एकानं १८८८ मध्ये आणि दुसऱ्यानं १९०१ मध्ये. आता उलटं वाचा. वरचं एक फूट मी ओढून काढलं तर खालचं चाळीस फूट वर यायला मोकळं. लगेच येत नाही, पण रोज ओढत राहिलं तर पंपाच्या बरोबर खाली खाऱ्याचं वारूळ वर चढत जातं. आणि आमचा अर्ध्या एचपीचा पंप, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपचं खालचं तोंड) तळापासून हातभर वर, रोज सकाळी एकदम टाकी भरून शिवाय नारळांना पाणी.

नारळ चौदा. उन्हाळ्यात झाडाला पंचेचाळीस लिटर धरले तरी सहाशे तीस लिटर रोज. आम्ही दोघं अडीचशेच्या आत. म्हणजे विहीर आम्ही पीत नव्हतो, नारळ पीत होते.

सासूबाईंच्या काळात पंप नव्हता. रहाट आणि दुपारची झोप.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याला बेळगावला जाऊन आलो. वडगावात सोनं दिलं-घेतलं, जुने विद्यार्थी भेटले, एक तर आता आजोबा झालाय. भाडेकरू म्हणाले नळाला पाणी अमुक दिवसांनीच, राकसकोपचा तलाव भरलाय तरी. परत येताना रामनगर, जोयडा, अणशी घाट. हिला घाटात नेहमी गाडी थांबवायची असते, कानाला ऐकू येतं म्हणे पाणी. खाली कद्रा धरण. ही सगळी काळी नदी, दिग्गीजवळ उगम पावून १८४ किलोमीटर येते, वाटेत सुपा, कोडसळ्ळी, कद्रा, आणि शेवटी आमच्या परसाच्या कडेनं समुद्रात. कुंदा आणलाय, मामांना अर्धा डबा.

६ ऑक्टोबर, सोमवार

खाडी पलटली. ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी मीटरमध्ये घेतलं होतं तर ९०० च्या आसपास, नदीच एवढी जोरात होती की समुद्राला मुखातच अडवत होती. आज त्याच जागी, त्याच ओहोटीला, मीटरनं हात टेकले, त्याची मर्यादा दहा हजारच्या आत आहे. (समुद्र पस्तीस हजार.) पाण्याचा रंगही बदललाय, गढूळ मातकट होतं ते हिरवं झालंय. मामा म्हणाले आता तिसऱ्या (शिंपल्या) गोड लागतील.

आज कोजागरी. मसाला दूध अंगणात. दुपारी ऊन असं की कौलं तडतडतात, पण पहाटे डोंगराकडनं गार वारा येतो आणि कठड्यावर दव असतं, मोजताना हात ओला होतो. भातं पिवळी पडायला लागलीत.

१२ ऑक्टोबर, रविवार (आणि १३ ची सकाळ)

पंपाची चाचणी. मोठ्या परीक्षेसारखा दिवस.

सुरुवात सकाळी सात, पाणी २ मीटर २७, टीडीएस २८८. पंप एक तास सतत चालू, पाणी सगळं नारळांना. पंधरा मिनिटांनी २९५. अर्ध्या तासानं ३३०. पाऊण तासानं ४०५. तासाला ४७०, आणि पाणी ३१ सेंटिमीटर खाली. पंप बंद. मग विहीर वर यायला किती वेळ घेते ते बघत बसलो, अर्धी भरपाई दीड तासात झाली, पूर्ण पातळी यायला दुपारचे तीन वाजले. आणि टीडीएस दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा ३१० होता, पाणी वर आलं तरी खार मागं राहिला. ऑक्टोबरात हे, अजून पावसाचं पाणी जमिनीत असताना. मेमध्ये काय होत असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरी चाचणी, रहाटाची. मी आठ आणि हिनं सात अशा पंधरा बादल्या, दहा लिटरची बादली. पाणी तीन सेंटिमीटर उतरलं. टीडीएस आधी २९२, नंतर २९२. तासाभरात पातळी जागेवर. हिला आकडा दाखवला तर तिनं वहीवर बोट ठेवून दोन वेळा वाचला. म्हणाली, "आई चुकीचं सांगत नव्हती." मी म्हटलं अजिबात नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बदल केले ते असे. फूटव्हॉल्व्ह तळातनं काढला, त्याला लवचिक पाईप जोडून पाच लिटरच्या रिकाम्या दोन कॅनना बांधला, आता तो पाण्याबरोबर तरंगतो आणि कायम वरच्या दोन फुटातलंच पाणी घेतो. पंपाला टायमर, एका वेळी दहा मिनिटं, दिवसात चार वेळा, मध्ये किमान तीन तास विश्रांती, दुपारी बारा ते चार बंदच. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं रहाटानं.

नारळांना आळी मोठी केली आणि सोडणं (नारळाच्या जाड साली) पालथी अंथरली, चौदा झाडांना दोन दिवस लागले, मामांचा नातू मदतीला होता. ओल धरून राहते, पाणी दिवसाआड चाललं पाहिजे. मामांनी आपल्याही विहिरीचा टीडीएस मोजून घेतला, ३४०. त्यांच्या पलीकडच्या दोन घरांनीही बाटल्या आणून दिल्यात, एक ६१०, एक ३८०. ६१० वाल्यांचा पंप एक एचपीचा आहे. त्यांच्याशी उद्या बोलायचंय, हळू, कारण नवीन पंप आहे त्यांचा. एका वाळूतलं पाणी आहे सगळ्यांचं, त्यांनी ओढलं तर आमच्याकडंही खारट होणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या नरक चतुर्दशी, आज पाणी भरायचं. बेळगावात आमच्या गल्लीत कन्नड शेजारी 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणायचे, इथं हिच्याकडं पण तेच, नाव वेगळं. न्हाणीतला तांब्याचा हंडा चिंच लावून घासला, लाल झाला, गळ्याला कारिटाची वेल बांधली, बाहेरनं चुन्याची बोटं. संध्याकाळी दिवा लावून हिनं विहिरीला हळद-कुंकू वाहिलं आणि पहिली बादली तिनंच ओढली. मग मी. अकरा बादल्या.

६१० वाले आले होते. टायमर कुठं मिळतो विचारत होते, वायरिंगचं मी करून देतो म्हटलंय.

माप : २ मीटर ३४. टीडीएस २९४. हिनं ओंजळीत घेऊन चाखलं, मीटरकडं बघितलं नाही, म्हणाली डाळ चार शिट्ट्यांत होईल. पुढचं माप भाऊबीज झाल्यावर, मग दर रविवारी, मे अखेरपर्यंत.